काकूने न विणलेलं ब्लँकेट

माझी मोठी काकू लोकांना गाडी चालवायला शिकवायची. आमच्या भागात आज जे कोणी गाडी चालवतात, त्यातल्या निम्म्यांनी तरी कधी ना कधी तिच्या शेजारी बसून घाम गाळलेला आहे. तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीत तिच्याही पायाशी एक क्लच आणि एक ब्रेक होता. चौकात गाडी आचके देत बंद पडली की उघड्या काचेतून तिचा आवाज यायचा, "क्लच! अगं क्लच! पाय आहे की लाकूड?" पलीकडच्या फुटपाथवरची माणसंसुद्धा दचकून पाय उचलायची. तिचं नाव पडलं क्लचकाकू. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

शिकवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण गेल्या कित्येक वर्षांत ती स्वतः नवीन असं काही शिकली नव्हती. घरात शर्टाचं बटण तुटलं तर काका लावायचे. ताईचे, म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे, शाळेचे स्वेटर दुकानातून यायचे, आणि शाळेतल्या कार्यक्रमाचा मुकुट शेजारणीकडून. ताईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. निदान तोंडाने तरी नाही.

ताईला दिवस गेले तेव्हाची गोष्ट. तिच्या सासूबाई जेवायला आल्या होत्या. त्या बाई हाताच्या फार गुणी. त्यांच्या घरातल्या उशांपासून पडद्यांच्या झालरीपर्यंत सगळं त्यांनीच केलेलं. जेवण झाल्यावर त्यांनी पर्समधून कागदात गुंडाळलेले इवलेसे मोजे काढले. ताईने ते हातात घेतले, त्यातला एक बोटावर चढवला आणि बघतच राहिली. मी तिथेच ताटं उचलत होते. ताई मोज्यांकडे बघत होती आणि काकू ताईकडे.

"ब्लँकेट मात्र मी करतेय हं," काकू एकदम म्हणाली.

काकांना ठसकाच लागला. ताई म्हणाली, "तू?"

"मी म्हणजे मीच. क्रोशाचं. जाड लोकरीचं, चांगलं उठावदार. सुरूसुद्धा केलंय."

सुरू कसलं करतेय! तोपर्यंत तिने क्रोशाची सुई हातातही धरलेली नव्हती. पण विहीणबाईंनी "अरे वा!" म्हटलं, ताईचा चेहरा खुलला, आणि मग शब्द मागे घ्यायची सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी ती लोकरीच्या दुकानात गेली. दुकानदारीणबाईंनी सांगितलं, "नवीन असाल तर जाड लोकर आणि जाड सुईच घ्या. टाके स्पष्ट दिसतात, चुकलं तर कळतं, आणि काम भराभर वाढतं म्हणून हुरूप राहतो." काकूने सायीच्या रंगाची, बोटाएवढी जाड लोकर आणली. नक्षीही सगळ्यात सोपी निवडली. एक आखूड टाका, एक लांब टाका, असं ओळभर करत जायचं. पुढच्या ओळीत आखूड टाक्यावर लांब आणि लांब टाक्यावर आखूड. एवढ्यानेच कापडावर छान दाणेदार उठाव येतो. मोबाइलवरच्या व्हिडिओतली मुलगी हसत हसत, गप्पा मारत ते करत होती.

काकूने ते स्टिअरिंग धरल्यासारखं करायला घेतलं. पहिल्या ओळीची साखळी तिने इतकी आवळून घातली की पुढच्या ओळीला सुई आत जाईना. ती उसवली. मग इतकी सैल घातली की त्यातून अंगठा आरपार जाई. तीही उसवली. कसंबसं जमलं तर ओळीच्या शेवटचा टाका तिला दिसायचाच नाही. तो सोडून ती उलटी फिरायची. प्रत्येक ओळीला एक टाका कमी. पंधरवड्यात तिच्या मांडीवर एक सुरेख त्रिकोण तयार झाला.

काकांनी चष्मा वर करून पाहिलं. "बाळाला पांघरायचं की पतंग म्हणून उडवायचं?"

काकूने लोकरीचा गुंडा त्यांच्या अंगावर फेकला आणि दार लावून घेतलं. मी त्या दिवशी तिथे होते. आतून तिचा आवाज येत नव्हता, हेच मला विचित्र वाटलं. तिचा राग नेहमी ऐकू येणारा असायचा.

शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत विणकामाचा वर्ग भरायचा. तिथेही ती एकदा जाऊन आली. शिकवणारी मुलगी ताईपेक्षाही लहान. तिने काकूचं काम हातात घेतलं, दोन बोटांनी ताणून पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "पुन्हा उसवू या का?" शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. त्या काकूच्या जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. कधीकाळी भर चौकात काकूने त्यांना रडवलं होतं. त्या बाई हळूच म्हणाल्या, "सुरुवातीला होतं असं. माझंही व्हायचं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि काकूला तेच सहन झालं नाही. टोमणा असता तर तिने परतवला असता. "माझी एक शिकवणी आहे, विसरलेच," असं काहीतरी पुटपुटून ती उठली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही.

दिवस भरत आले. ताई फोनवर विचारायची, "कुठवर आलं?" काकू म्हणायची, "निम्मं झालंय." मग म्हणायला लागली, "आता कडाच राहिल्यात." काकांनाही ती तेच सांगायची, आणि काम दार लावून करायची.

अशात एका दुपारी ती जिना चढत असताना हातातली पिशवी कलंडली आणि लोकरीचा गुंडा टप्प टप्प करत पायऱ्या उतरत गेला. तो थांबला खालच्या मजल्यावर, ग्रंथपालबाईंच्या दारात. बाई एकट्याच राहायच्या. वाचनालयातून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. जिन्यात भेटल्या की हसायच्या, इतकीच ओळख. त्यांनी गुंडा उचलला, पिशवीतून डोकावणारा त्रिकोण पाहिला आणि म्हणाल्या, "आत या, वहिनी. बसा जरा."

काकूला काय झालं कोण जाणे, त्या परक्या घरात खुर्चीवर बसताच तिला रडू फुटलं. तिने सगळं सांगून टाकलं. विहीणबाईंचे मोजे, स्वतःची फुशारकी, ताईचे फोन, सगळं. बाईंनी पाणी दिलं. मग त्या उठून आत गेल्या आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेलं एक ब्लँकेट होतं. जाड लोकरीचं, दाणेदार, चारही कडा सरळ.

"हे न्या. नवंच आहे. कुणाच्या तरी अंगावर पडू दे."

काकूने ते हातात घेतलं, उलगडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "अय्या, रंगही नेमका तोच!"

हे वाक्य तिला पुढे फार छळणार होतं. एकट्या राहणाऱ्या बाईंच्या कपाटात बाळाचं नवंकोरं ब्लँकेट का पडून आहे, हे तिने विचारलं नाही. सुटकेच्या आनंदात ते तिच्या मनातसुद्धा आलं नाही. "मी सगळ्यांना सांगेन हं, तुम्ही दिलंत म्हणून," असं मात्र ती दारातून दोनदा म्हणाली.

ताईला मुलगा झाला. दवाखान्यातून ती आईकडेच आली, आणि महिनाभराने बाळाला बघायला घरची माणसं जमली. चहा होता, केक होता, विहीणबाई होत्या, माझे आईबाबा होते. बाळ ब्लँकेटमध्ये गुंडाळून ताईच्या मांडीवर झोपलेलं. काकूने ग्रंथपालबाईंना बोलावलं नव्हतं. गडबडीत राहून गेलं, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

विहीणबाईंनी ब्लँकेटची कडा बोटांत धरली आणि जाणकारासारखी उलटसुलट पाहिली. "पहिल्यांदाच केलंत म्हणता? अहो, कडा इतक्या सरळ माझ्या अजून येत नाहीत. खरंच तुम्ही केलंत?"

त्या शेवटच्या प्रश्नात थट्टा होती, संशय नव्हता. पण ताईने मान वर करून आईकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतकं कौतुक होतं की काकूची जीभ घसरली.

"मग काय! अहो, प्रत्येक टाका घालताना याचाच विचार करायचे. एकेक टाका म्हणजे एकेक हाक मारल्यासारखं वाटायचं. कसा असेल, कुणासारखा दिसेल. किती वेळा तर डोळ्यांतून पाणी आलं विणताना!"

ताईचे डोळे भरले. माझ्या आईनेही पदर डोळ्याला लावला. आणि तेवढ्यात दारातून काकांचा उत्साही आवाज आला, "बघा कुणाला पकडून आणलं! जिन्यात भेटल्या. म्हटलं, शेजारी राहून बाळाला बघितलं नाहीत म्हणजे काय!"

काकांच्या मागे ग्रंथपालबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या ते कळायला मार्ग नव्हता. दार उघडंच होतं. मी काकूकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मला वाटलं तिला चक्कर येतेय. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं.

बाई पुढे आल्या. बाळाजवळ वाकल्या. एका बोटाने त्यांनी ब्लँकेटच्या कोपऱ्याला हात लावला, अगदी हलका, आणि हात मागे घेतला.

"आईने केलंय," ताई अभिमानाने म्हणाली.

"हो का?" बाई म्हणाल्या. "छान झालंय."

"तुम्हाला येतं का हो विणकाम?" विहीणबाईंनी विचारलं.

"पूर्वी करायचे. आता सोडलं."

त्या वेळी काकूने तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. थोडं हसं झालं असतं, एवढंच. ती केकचे तुकडे करत राहिली. बाई चहाला न थांबता निघून गेल्या. काका म्हणाले, "जरा घुम्याच आहेत बाई." काकूच्या हातातली सुरी बशीवर वाजली.

त्यानंतर काकूने जिना टाळायला सुरुवात केली. गाडी लावली तरी आत बसून राहायची. खालच्या मजल्यावरचं दार बंद झालं की मग धावत वर. कचरा टाकायला मागच्या बाजूने जायची. ज्या बाईच्या आवाजाने चौक हलायचा, ती स्वतःच्या घरात पाय न वाजवता चालायची, कारण खाली बाई राहत होत्या. गाडीत एखादी नवशिकी मुलगी गोंधळली, चुकीच्या वेळी पाय सोडला, तरी काकू गप्प. एकीने तर काकांना येऊन विचारलं, "काकूंची तब्येत बरी आहे ना? त्या ओरडत नाहीत."

ताई ब्लँकेटचे फोटो काढायची. "माझ्या आईने" असं लिहून सगळ्यांना पाठवायची. प्रत्येक वेळी काकू नुसती "हं" म्हणायची.

शेवटी तिला राहवेना. एका सकाळी ती खाली उतरली आणि बाईंच्या दाराची घंटा वाजवली. दार उघडल्यावर ठरवलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली.

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या. त्यांनी आत या म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

"मी सगळ्यांना सांगते, तुम्ही केलंय म्हणून. आजच सांगते. मला माफ करा."

"मला नाव नको होतं, वहिनी. नाव हवं असतं तर देतानाच म्हटलं असतं. ते मी माझ्या नातीसाठी केलं होतं. ती घरी आलीच नाही. दवाखान्यातच गेली. मुलगा-सून मग दुसऱ्या गावी निघून गेले. त्यांना इथे राहवेना. ते कपाटात पडून होतं. तुम्ही रडत होतात म्हणून दिलं."

काकू दारातून एक पाऊल मागे सरली.

"तुम्ही वर म्हणालात ना, एकेक टाका म्हणजे एकेक हाक," बाई शांतपणे म्हणाल्या, "ते खरं आहे. तसंच होतं ते. पण हाका माझ्या होत्या. ते तुम्ही घ्यायला नको होतं."

त्यांनी दार हळूच लावून घेतलं. काकू तिथेच पायरीवर बसली. रंगही नेमका तोच, हे तिचेच शब्द तिच्या कानात वाजत होते. जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं लोक म्हणतात. तिला तेव्हा अक्षरशः तसं वाटलं, असं तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. माझ्याशी हे बोलतानाही ती भिंतीकडे बघत होती.

त्या रविवारी विहीणबाई बाळाला भेटायला आल्या. काकू तेवढ्यासाठीच थांबली होती. फक्त ताईला एकटीला गाठून सांगणं सोपं होतं, पण खोटं चारचौघांत बोललं होतं. तिने माझ्या आईबाबांनाही बोलावून घेतलं होतं, आणि मीही त्यांच्याबरोबर गेले होते. चहा यायच्याही आधी ती उभी राहिली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्रिकोण, वर्गातून पळून येणं, ब्लँकेट कुणाचं, कुणासाठी केलेलं, आणि बाई दारात काय म्हणाल्या तेही. आवाज मध्येच फाटला तरी ती थांबली नाही.

विहीणबाई खाली बघत राहिल्या. काका पहिल्यांदाच काही विनोद न करता बसले होते. ताईने बाळाच्या अंगावरचं ब्लँकेट काढलं, त्याची नीट घडी घातली आणि बाळाला उचलून जिना उतरून खाली गेली.

ती बराच वेळ आली नाही. काकू दाराशी उभी, मध्येच बसायची, पुन्हा उठायची. मी म्हटलं, "जाऊन बघू का?" तर म्हणाली, "नको. आपण नाही जायचं."

ताई परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं आणि अंगावर तेच ब्लँकेट होतं.

"त्या परत घेत नाहीत," ती म्हणाली. "वापर म्हणाल्या. मग याला मांडीवर घेऊन बसल्या." मग ती पुढे म्हणाली, "नातीचं नाव काय ठरवलं होतं तेही सांगितलं त्यांनी."

"काय?" काकूने विचारलं.

"ते मी तुला नाही सांगणार, आई. विचारायला हवं होतं तेव्हा तू विचारलं नाहीस."

काकूने मान हलवली. ती एका शब्दाने रागावली नाही. ताई दाराकडे वळली आणि तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "आणि मला ब्लँकेट नको होतं गं. तू तो त्रिकोण दिला असतास तरी मी मिरवला असता."

पुढच्या शनिवारी काकू वाचनालयाच्या वरच्या खोलीत गेली. मी तिला सोडायला गेले होते. तिने मला दारातून परत पाठवलं नाही, म्हणून मीही बसले. ती त्याच जुन्या विद्यार्थिनीशेजारची खुर्ची ओढून बसली आणि त्या बाईंना म्हणाली, "तुम्हाला मी त्या दिवशी चौकात फार बोलले होते." त्या हसल्या. "अहो, मी अजून घाबरूनच गाडी चालवते." काकूला हसता आलं नाही. तिचे कान लाल झाले. मग शिकवणाऱ्या मुलीने तिचं काम हातात घेतलं, ताणून पाहिलं. काकू स्वतःच म्हणाली, "उसवते."

वर्गात ती सगळ्यात मागे राहिली. तिच्यानंतर आलेल्या मुलींनी टोप्या संपवल्या, पिशव्या संपवल्या. ती प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून ओठ हलवत टाके मोजायची, आणि शेवटचा टाका सापडला की त्याला दोऱ्याची खूण बांधायची. तिला ते आवडू लागलं असंही नाही. मला म्हणायची, "मला याचा कंटाळा येतो गं. पण उठून गेले तर पुन्हा तीच मी."

जे तयार झालं ते छोटं होतं, एका बाजूने फुगलेलं आणि मधल्या काही ओळींत आखूड टाक्यावर आखूडच पडल्याने सपाट झालेलं. ताईने ते घेतलं. गळ्यात पडली वगैरे नाही. "ठेव तिथे" म्हणाली. पण नंतर तिच्या घरी गेले तेव्हा बाळ त्यावर पालथं पडून एक कोपरा चघळत होतं.

ग्रंथपालबाईंशी काकूचं पूर्ववत झालं, असं मी म्हणणार नाही. जिन्यात भेटल्या की काकू अजूनही आधी नजर खाली घालते, मग उचलते. बाई हसतात, पूर्वी हसायच्या तशाच, त्याहून जास्त नाही. ताई मात्र बाळाला घेऊन आली की आधी खालच्या मजल्यावर थांबते, आणि काकू वर वाट बघत बसते. हाक मारत नाही.

परवा मी गेले तेव्हा काकू वाफाळत्या चहाचे दोन कप ट्रेमध्ये ठेवून दाराशी उभी होती. खालून बाळाच्या खिदळण्याचा आवाज येत होता.

"घेऊन जाऊ का गं खाली?" तिने मला विचारलं.

"जा की."

ती दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि ट्रे माझ्या हातात दिला. "तू दे. मी आलेच," म्हणाली.

मी कप देऊन आले तरी ती तिथेच उभी होती. "काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, वहिनींना सांग, पुढच्या वेळी तीन कप आणा."

काकू वळली, घरात जाऊन तिसरा कप घेऊन आली आणि माझ्यापुढे जिना उतरायला लागली, खाली बघत, एकेक पायरी जपून.